जुना बाथटब काढायचा की ठेवायचा? आधी टबाखालची भर तपासा

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. पुण्यातली १९८३ सालची इमारत, दुसरा मजला. आतल्या बेडरूमच्या बाथरूममध्ये सासऱ्यांनी हौसेनं बसवून घेतलेला पांढरा बाथटब. आता त्याचा तळ पिवळट पडलाय, पाणी जायच्या जाळीपाशी इनॅमलचा टवका उडालाय, आणि खालच्या घरी छताला ओल आलीय. एक प्लंबर म्हणतो सगळं फोडा, दुसरा म्हणतो रंग मारून घ्या, नवा दिसेल. सासूबाई ७६ वर्षांच्या, गुडघे धरलेले. आणि यजमानांना वडिलांची आठवण मोडवत नाही.

मी २९ वर्षं प्लंबिंग आणि वॉटरप्रूफिंगची कामं करतोय. दोन्ही प्लंबरांनी तुम्हाला टबाकडे बघून सल्ला दिला, माझा आक्षेप तिथेच आहे. टबाखाली जी भर आहे तिच्यात पाणी शिरलंय का, यावर हा निर्णय होतो. भर कोरडी असेल तर बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा टब अजून वीस वर्षं सहज काढेल. भर भिजली असेल, तर टब कितीही शाबूत असला तरी एकदा जागचा हलवावाच लागेल. तोच परत बसवायचा का, हे त्यानंतर ठरवता येतं.

भर म्हणजे काय ते सांगतो. आपल्याकडच्या बहुतेक इमारतींत बाथरूमचा स्लॅब बाकीच्या घरापेक्षा आठ-दहा इंच खाली ओततात. त्या खोलगट जागेत आधी वॉटरप्रूफिंग, मग सांडपाण्याचे पाईप आणि नहाणी ट्रॅप (पाणी धरून गटाराचा वास अडवणारा भाग), मग विटांच्या तुकड्यांचा कोबा, आणि वर फरशी. टब या सगळ्याच्या वर बसतो आणि समोरून अर्ध्या विटेची भिंत बांधून तिला टाइल लावतात. एकदा ती भिंत बांधली की आत काय चाललंय ते कुणालाच दिसत नाही. तपासणीसाठी छोटं दार ठेवायची पद्धत त्या काळात फारशी नव्हतीच. तुमच्याकडेही नसेल असं धरून चालतो.

कर्वे रस्त्याजवळच्या एका घरी असाच टब होता. तिथल्या बाईंनी टब इतका निगुतीनं ठेवलेला की आरशासारखा चमकत होता. खालचे शेजारी मात्र तीन वर्षं छत रंगवून रंगवून थकलेले. मी समोरच्या भिंतीच्या सहा टाइल छिन्नीनं सोडवल्या, चार विटा काढल्या आणि बॅटरी आत मारली. वास आधी आला, साबणाच्या शिळ्या पाण्याचा. हात आत घातला तर कोबा बोटांनी उकरता येत होता, ओल्या भुशासारखा. टबाच्या जाळीखाली पितळी कपलिंग होतं, ते पाईपला जिथे जोडलंय तिथला सांधा बंद करायला भरलेला सफेदा (पांढरा लेप) आणि ताग केव्हाच कुजून गेलेला. आंघोळ झाली की टबातलं पाणी जाताना दर वेळी तांब्या-दोन तांबे भरीत मुरत होते. टबाला काहीही झालेलं नव्हतं. रंगवाल्यानं तोच टब हजारो रुपये घेऊन आणखी चमकवून दिला असता आणि गळती तशीच राहिली असती.

म्हणून आधी चाचण्या करा. त्यांना पैसे लागत नाहीत, दोनेक आठवडे धीर मात्र लागतो. सुरुवात खालच्या घरातून. स्वतः जा, ओलीच्या कडेनं पेन्सिलनं रेघ मारा आणि बाजूला तारीख लिहा. शेजाऱ्यांनाही बरं वाटतं की तुम्ही मनावर घेतलंय. मग तुमचं टबाचं बाथरूम तीन-चार दिवस पूर्ण बंद ठेवा, पण नळांना जाणारं पाणी चालू राहू द्या. काहीच न वापरता ओल रेघेबाहेर सरकली, तर फुटलाय तो भिंतीतला दाबाचा पाईप. १९८३ सालचे पाईप जीआयचे, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाचे असणार, आणि चाळीस वर्षांत ते आतून गंजून किती अरुंद होतात हे मी कापून पाहिलंय. अर्ध्या इंचाच्या पाईपात कधी कधी पेन्सिलही जात नाही. तसं निघालं तर टबाला दोष देऊ नका, पाईप बदला.

ओल सुकू लागली, तर वापरलेल्या पाण्यातून गळतंय असं समजा. आता टबात वरच्या ओव्हरफ्लोच्या भोकाच्या बरंच खाली राहील इतकं पाणी भरा, पातळीवर चिकटपट्टी लावा आणि रात्रभर ठेवा. बोटभर उतरलं तर बूच किंवा टबाचा तळ गळतोय. नाही उतरलं तर पाण्यात खायचा लाल रंग चांगला गडद कालवा आणि बूच काढून सगळं एकदम सोडा, खालच्या छताला लालसर ओल येते का ते बघायला. सगळ्यात जास्त दोष याच चाचणीत सापडतात, कारण जाळीखालचा सांधा आणि ट्रॅप दोन्हींवर एकदम भार येतो. त्यानंतर वेगळ्या दिवशी ओव्हरफ्लोपर्यंत भरून बघा, तिथलं रबर कडक होऊन तडकलेलं असतं. शेवटी टब रिकामा ठेवून टब आणि भिंत यांच्या सांध्यावर हँड शॉवर दहा मिनिटं धरा. दोन चाचण्यांमध्ये दोन-तीन दिवस जाऊ द्या. भर स्पंजासारखी असते, आज सोडलेलं पाणी खाली परवा दिसतं. एकाच दुपारी चारही चाचण्या उरकणारा माणूस तुम्हाला जे सांगेल ते अंदाजानंच.

भिंतीच्या सांध्यातून गळत असेल तर तुम्ही सुटलात. जुनं पांढरं सिमेंट खरवडून काढायचं, सांधा दोन दिवस सुकू द्यायचा आणि बुरशीरोधक सिलिकॉन भरायचं. त्यातली एक गोष्ट पुष्कळ जण करत नाहीत: सिलिकॉन भरताना टब पाण्यानं भरलेला असावा आणि सिलिकॉन सुकेपर्यंत तसाच राहावा. पाण्याच्या वजनानं टब किंचित खाली बसतो. रिकाम्या टबाला भरलेलं सिलिकॉन पहिल्याच आंघोळीला ओढलं जातं आणि सुटतं. ॲक्रिलिकच्या टबात तर हे हमखास.

जाळीखालचा सांधा गळत असेल आणि भर अजून फारशी भिजली नसेल, तर समोरची भिंत उघडून कपलिंग, ट्रॅप आणि जवळचा पाईप बदला. परत बंद करताना तिथे हाताला उघडेल असं स्टीलचं किंवा टाइलचं दार ठेवा. हे एवढंसं दार पुढच्या माणसाचं अख्खं काम वाचवतं.

पण सहा टाइल काढल्यावर आत माझ्या त्या कर्वे रस्त्यासारखं दिसलं, कोबा बोटांनी निघाला, तर टब काढा. तिथे मन घट्ट करा. वरून कितीही रसायनं ओतली तरी भिजलेली भर सुकत नाही, आणि खालच्या स्लॅबच्या सळया गंजत राहतात. खालच्या छताला नुसती ओल नसून तांबूस ओघळ आले असतील, प्लास्टर फुगून सळई दिसत असेल, तर प्लंबरच्या आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे तीस वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर तीन वर्षांनी व्हायला हवं. तुमची इमारत चाळिशी ओलांडलेली आहे, तेव्हा सोसायटीच्या ऑफिसात अहवाल मागा आणि तुमच्या बाथरूमखाली काय लिहिलंय ते वाचा. फ्लॅटच्या आतल्या संडास-बाथरूममधून होणाऱ्या गळतीचा खर्च ज्याच्या त्या सभासदावर येतो, हेही धरून चला. तोडफोडीआधी सोसायटीला लेखी कळवा.

लोक मला विचारतात, बिडाच्या टबाच्या वजनानं स्लॅब खचेल का. पाच फुटी बिडाचा टब साधारण ११० ते १६० किलोचा. त्यात दीडशे लिटर पाणी म्हणजे दीडशे किलो, आणि माणूस. साडेतीनशे-पावणेचारशे किलो धरा. ऐकायला भारी वाटतं, पण दहा इंच विटांची भर एका चौरस मीटरला चारशे किलोंच्या वर जाते, आणि भिजली की आणखी. सगळ्या बाथरूमभर पसरलेल्या त्या भरीनं स्लॅबवर टबापेक्षा कितीतरी जास्त ओझं टाकलेलं असतं. सळया शाबूत असतील तर तुमच्या टबानं काही बिघडत नाही. मात्र भर नव्यानं करायची वेळ आली तर विटांचे तुकडे परत टाकू देऊ नका, एएसी ब्लॉकचे (हलक्या, सच्छिद्र सिमेंटच्या विटांचे) तुकडे वापरायला सांगा. वजन निम्म्याहून कमी होतं.

आता खुद्द टबाकडे येऊ. तो कशाचा आहे ते बघा. फ्रिजवरचं लोहचुंबक लावा. चिकटलं नाही तर फायबर किंवा ॲक्रिलिक. तळावर उभं राहिल्यावर तो लवत असेल किंवा केसासारखी चीर असेल तर दुरुस्तीच्या नादी लागू नका. चिकटलं तर बोटाच्या पेरानं टकटक करा. टणत्कार आला तर पत्र्याचा, म्हणजे स्टीलवर इनॅमल. ठस्स असा जड आवाज आला आणि काठ जाड असेल तर बिडाचा. पत्र्याच्या टबात टवका उडाला की पत्रा आतून खात जातो आणि एक दिवस आरपार भोक पडतं. बीड जाड असतं, तिथला टवका वर्षानुवर्षं नुसता तांबूस डाग होऊन राहतो. वर्णनावरून तुमचा बिडाचा वाटतो, पण चुंबक लावून खात्री करा.

तळ पिवळा का पडला, याचं कारण बहुतेक घरांत एकच सापडतं: दारावर येणाऱ्या फिनेलवाल्याकडचं ॲसिड. त्यानं क्षार निघतात हे खरं, पण इनॅमलची काचेसारखी झिलईही निघते, टाइलमधलं सिमेंटही खाल्लं जातं आणि पितळी जाळीही. झिलई गेली की पृष्ठभाग खरखरीत होतो, मळ धरतो, मग आणखी ॲसिड. आजपासून ते बंद करा. साबण, खायचा सोडा, मऊ कापड. क्षाराचे पांढरे डाग असतील तर पाण्यात कालवलेलं लिंबूसत्व पाच मिनिटं लावून लगेच भरपूर पाण्यानं धुवा. डाग तांबडा असेल आणि नळाच्या बरोबर खाली ओघळलेला असेल तर नळाचा वायसर बदला, डाग वाढायचा थांबेल.

रंग मारून देणाऱ्यांबद्दल मला जरा जास्त लिहायचंय, कारण या चुकीत मी स्वतः होतो. धंद्याच्या सुरुवातीच्या वर्षांत कॅम्पातल्या एका बंगल्यात मी टबाला दोन कोट इपॉक्सी मारून दिली. मालकीणबाई खूश. आठ महिन्यांनी त्यांचा फोन आला. जाऊन पाहिलं तर जाळीभोवती दुधावरच्या सायीसारखा पापुद्रा सुटला होता आणि त्याखाली काळं पाणी साचलेलं. मी जुनी झिलई पुरेशी घासली नव्हती आणि जाळी न काढता तिच्या कडेपर्यंत रंग आणला होता. पैसे परत केले, पण त्यांचा टब आधीपेक्षा वाईट करून ठेवला, ते अजून खुपतं. नीट केलेलं काम, म्हणजे जाळी आणि ओव्हरफ्लो काढून, पृष्ठभाग खरखरीत करून, प्रायमर देऊन, दोन दिवस पूर्ण सुकवून केलेलं, पाच ते दहा वर्षं टिकतं. त्याहून जास्त कुणी सांगितलं तर मान्य करू नका.

आणि त्यात जिवाचाही प्रश्न आहे. जुना थर काढायला वापरतात त्या काही द्रावणांत मिथिलीन क्लोराईड असतं. बंद बाथरूममध्ये त्याची वाफ टबाच्या तळाशी साचते आणि माणूस वाकून काम करताना तीच श्वासात घेतो. अमेरिकेत २००० ते २०११ या काळात टबाला नवा मुलामा देणारे १३ कामगार असे मेल्याची नोंद तिथल्या आरोग्य खात्यानं २०१२ साली प्रसिद्ध केली. आपल्याकडे बाथरूमला एक झरोका आणि पोरगा रुमाल बांधून काम करतोय, हे दृश्य मी पाहिलंय. डब्यावरचं नाव वाचा. मिथिलीन क्लोराईड किंवा डायक्लोरोमिथेन लिहिलेलं असेल तर काम थांबवा. कोरडं घासूही देऊ नका. जुन्या इनॅमलमध्ये शिसं असू शकतं, घासायचं तर ओलं ठेवून.

वापराचं गणित यजमानांबरोबर बसून करा. टबात बसल्यावर अंग बुडायचं तर दीडशे लिटर पाणी लागतं. शहरी पाणीपुरवठ्यात माणशी अख्ख्या दिवसाला १३५ लिटर धरतात, त्याहून हे जास्त. थंडीत नळाचं पाणी २० अंश, गिझरचं ६० आणि टबात ३९ हवं असेल, तर जवळजवळ निम्मं, म्हणजे सत्तर लिटर गरम पाणी हवं. २५ लिटरचा दोन किलोवॅटचा गिझर एकदा तापायला पस्तीस मिनिटं घेतो. तीनदा तापवेपर्यंत पहिलं पाणी कोमट झालेलं असतं. बहुतेक घरांत टब शेवटी कपडे भिजवायला आणि पाणी जाणार त्या दिवशी साठवायला उरतो, ते यामुळे. गेल्या वर्षभरात कुणी किती वेळा टबात बसलं, ते आठवा. सासूबाईंना कटिस्नान सांगितलं असेल, तर त्याला एवढा टब लागत नाही, पाठ टेकता येईल असा प्लास्टिकचा छोटा टब पुरतो आणि तो सोयीचाही असतो.

सासूबाई त्याच टबात उभ्या राहून आंघोळ करत असतील, तर बाकी सगळं बाजूला ठेवा. आपल्याकडे ट्रॅपला उतार मिळावा म्हणून टब ओट्यावर चढवलेला असतो, त्यामुळे काठ जमिनीपासून पावणेदोन-दोन फूट येतो. ओल्या पायानं, दुखऱ्या गुडघ्यानं तो ओलांडायचा, आणि उतरताना तर दिसतही नाही पाय कुठे पडतोय. गळती असो वा नसो, त्यांची आंघोळ आजपासून दुसऱ्या बाथरूममध्ये हलवा. टब ठेवायचा की काढायचा हे सावकाश ठरवा, हे मात्र सावकाश नको.

वीज तपासून घ्या. टब लोखंडाचा, पाईप लोखंडाचे, वर गिझर. वायरमनला बोलावून गिझरचं अर्थिंग, टबाला आणि पाईपांना अर्थची तार जोडलीय का, आणि घराच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आहे का ते बघा. त्याचं टेस्टचं बटण दाबून तो खरंच पडतो का, हेही. दाबाचे लोखंडी पाईप काढून सीपीव्हीसी, म्हणजे प्लास्टिकचे घातले की जुन्या पाईपांतून आपोआप मिळणारं अर्थिंग तुटतं, आणि हे प्लंबरही सांगत नाही, वायरमनही नाही.

काढायचं ठरलं तर घण घालून फोडू देऊ नका, निदान पहिला विचार तो नको. बीड फुटताना इनॅमलच्या काचा डोळ्यांत उडतात आणि तुमच्या स्लॅबला ते हादरे परवडणारे नाहीत. कुशीवर घेतला की टब अडीच फुटी दारातून जातो. अडतो तो पॅसेजच्या वळणावर. म्हणून आधी टबाच्या लांबी-उंचीचा पुठ्ठा कापून तो पॅसेजमधून फिरवून बघा. पुठ्ठा वळला तर सहा माणसं आणि जाड दोर, अर्ध्या दिवसाचं काम. अख्खा निघालेला बिडाचा टब यजमानांना हवा तर खालचं सगळं नवं करून परत बसवता येतो. नको तर सोसायटीच्या बागेत ठेवा, कमळं लावा आणि डासांसाठी गप्पी मासे सोडा. एका घरी आम्ही असं केलं, आता रोज सकाळी त्या घरातले आजोबा तिथे खुर्ची टाकून बसतात.

कोटेशन घेताना टबाची किंमत शेवटी विचारा. आधी भर काढणं, राडारोडा उचलून नेणं, पाईप, वॉटरप्रूफिंग, भर, टाइल हे वेगवेगळं लिहून मागा. खर्च तिथेच असतो, आणि एकच आकडा देणारा माणूस काटछाट वॉटरप्रूफिंगमध्ये करतो. वॉटरप्रूफिंग फरशीपुरतं नको, भिंतीवर निदान फूटभर चढवा, शॉवरच्या बाजूला सहा फूट. मग पाईपांची तोंडं बंद करून खोलगट भागात पाणी कोंडा आणि ४८ तास ठेवा. ते पूर्ण होईपर्यंत एकही टाइल लागू देऊ नका, आणि दोन्ही संध्याकाळी खालच्या शेजाऱ्यांबरोबर छत बघा.

माझा कल विचाराल तर, चाचणीत फक्त भिंतीचा सांधा किंवा कपलिंग सापडलं तर यजमानांसाठी टब ठेवा, टवक्याला तेवढ्यापुरती इपॉक्सी भरा आणि समोर दार करून घ्या. भर भिजलेली निघाली तर टब काढून तिथे दोन इंचांचा उतार दिलेली शॉवरची जागा करा, उंबरा न ठेवता, खडबडीत टाइल लावून, बसायला भिंतीला धरून पक्का ओटा. आधाराची दांडी टाइलवर चिकटवलेली किंवा रबरी चूषकाची नको; आतल्या विटेत वा काँक्रीटमध्ये अँकर बोल्टनं बसवलेली हवी. कुठे बसवायची ते गवंड्याला ठरवू देऊ नका. टाइल लावायच्या आधी सासूबाईंना त्या जागी स्टुलावर बसवा आणि उठायला सांगा. उठताना त्यांचा हात भिंतीवर आपोआप जिथे टेकेल, तिथे पेन्सिलनं खूण करा.